जांभूळमाळचा ठिपका

१

गंगापूर रोडवरच्या त्या कॉलेजात ग्रंथालयाच्या मागे एक लांबट खोली होती. पूर्वी तिथे मोडकी बाकं आणि स्नेहसंमेलनाचे पडदे पडलेले असत. दोन हजार चार साली ते सगळं हललं. चार संगणक आले, नकाशे छापणारा एक भलाथोरला प्लॉटर आला, धूळ नको म्हणून खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटला आणि दारावर ‘जीआयएस केंद्र’ अशी पाटी लागली. त्या तीन अक्षरांचा अर्थ शिपायापासून प्राचार्यांपर्यंत कोणालाच धड ठाऊक नव्हता. पण पाटी मोठी होती, त्यामुळे आत येणारा प्रत्येक जण चपला बाहेर काढून यायचा.

‘संगणकावर नकाशे रचायचं तंत्र’ हा अर्थ ठाऊक होता तो दोघांना. एक भूगोलाचे ढुंढिराज सर आणि दुसरी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी, आता केंद्राची सहायक, संध्या गावित. सरांनी एक घाट घातला होता. सुरगाणा तालुक्याचा एकच नकाशा करायचा आणि कॉलेजातल्या प्रत्येक विभागाने आपापली माहिती त्यावर आणून ठेवायची. वनस्पतिशास्त्राने झाडं, गृहविज्ञानाने पिण्याचं पाणी, इतिहासाने जुने दगड, समाजशास्त्राने घरं. जे विभाग कधी एका टेबलावर चहा प्यायले नव्हते, त्यांना एका नकाशावर बसवायचं होतं. मुलं हातात जीपीएस घेऊन डोंगरात जात, जागेची नोंद करत आणि यंत्र संध्याच्या टेबलावर आणून आपटत. संध्या ती माहिती उतरवून नकाशावर चढवी, पारदर्शक कागदांची चळत लावावी तशी, एकावर एक.

पहिली चळत झाडांची आली. हिरवे ठिपके पडद्यावर उमटले आणि त्यातले पाच-सहा तलावात पडले. संध्याने चहाचा कप खाली ठेवला.

२

घाबरण्यासारखं काही नव्हतं. ही चूक त्यांच्या धंद्यात रोजची. सरकारी नकाशे जुन्या काळी ज्या मापाने बांधले, ते माप वेगळं. जीपीएस ज्या मापाने बोलतं, ते वेगळं. जुळवून घेतलं नाही तर सगळंच शंभरेक मीटर सरकतं आणि काठावरची झाडं पाण्यात जातात. संध्याने जुळवून घेतलं. ठिपके शहाण्यासारखे काठावर परतले. एक सोडून.

तो तलावाच्या मधोमध होता. मोह, जुना, फुलावर आलेला. नोंदीत तसंच लिहिलं होतं.

“मुलांनी बसून भरलंय,” ढुंढिराज सर चष्मा कपाळावर चढवत म्हणाले. “तीन किलोमीटर चालायचा कंटाळा आला असेल. पाण्यात मोह फुलत नाही, संध्या. क्लिप कर.”

क्लिप म्हणजे कात्री. तलावाच्या कडेकडेने ती फिरवायची आणि आत जे सापडेल ते टाकून द्यायचं. संध्याने फिरवली. निळं निळं झालं.

तिने सरांना सांगितलं नाही की ती जागा तिला माहीत होती. त्या पाण्याखाली जांभूळमाळ होतं, तिचा पाडा. ती तेरा वर्षांची असताना धरण बांधून झालं आणि माणसं ट्रकात घालून वर नेली. तिचा बाप देवराम तेव्हा पिंपळगावकडे द्राक्षाच्या छाटणीला गेला होता. ट्रक ठरल्या दिवसाच्या आधीच आला, आभाळ भरलं होतं म्हणून. दुसऱ्या दिवशी देवराम घरी यायला निघाला. एका गुराख्याने त्याला घाटवाट उतरताना पाहिलं. चढताना कोणी पाहिलं नाही. रात्री वरच्या अंगाला पाऊस फुटला होता आणि सकाळी खाली नुसतं पाणी होतं.

त्यांच्या दारात मोह होता. पण मोह कोणाच्या दारात नव्हता, असं तिने स्वतःला समजावलं.

३

पुढच्या महिन्यात गृहविज्ञानाच्या मुली आल्या. त्यांनी विहिरी आणि झरे मोजले होते. त्यातली एक विहीर तलावाच्या मधोमध निघाली, मोहापासून चाळीस पावलांवर. ‘पाणी गोड, कठडा दगडी, एका बाजूने खचलेला.’ लहानपणी त्या खचलेल्या बाजूला बसू नको म्हणून संध्याने आईचे धपाटे खाल्ले होते.

तिने कात्री फिरवली.

मग इतिहासवाले आले. त्यांना गावोगावचे वीरांचे दगड हवे होते, घोड्यावर बसलेला माणूस कोरलेले. पाच दगड पाण्यात. पाचही एका ओळीत, पाड्याच्या वेशीवर होते तसेच.

या वेळी तिचा हात जरा थबकला. खोलीत पंख्याची घरघर होती आणि यूपीएसची मधूनच पिपाणी. भारनियमनाची दुपार होती, केव्हाही वीज जाणार होती. हिशेब लावायचाच तर लागत होता. मुलं एकमेकांचे नकाशे बघतात, कोणीतरी जुन्या सरकारी नकाशावरून, टोपोशीटवरून, उतरवून काढलं असेल, त्या शीटवर धरणाआधीचं जांभूळमाळ आहेच. हो, तसंच असेल. तिने शीट काढून बघितली. शीटवर पाडा होता, विहीर होती. खचलेला कठडा नव्हता. तो कुठल्या शीटवर असणार?

तिने तरीही कात्री फिरवली, कारण ते तिचं काम होतं. आणि त्या दिवशी प्लॉटरवर नमुना काढला तेव्हा कागद बाहेर येताना तलावाच्या जागी ओलसर होता. शाई जास्त सुटली, सर म्हणाले. संध्याने बोट लावून वास घेतला. त्याला शाईचा वास नव्हता, भिजलेल्या शेणामातीच्या भिंतीचा होता.

४

समाजशास्त्राचा मयुरेश हा मुलगा मोठा चुणचुणीत आणि बोलघेवडा. त्याने तालुक्याच्या त्या कोपऱ्यातलं एकेक घर पायाखाली घातलं होतं. त्याची घरं नकाशावर लाल ठिपक्यांनी पसरली आणि संध्या ज्याची वाट बघत होती आणि जो यायला नको होता, तो ठिपका जागच्या जागी येऊन बसला.

“हे घर तू स्वतः बघितलंस?” तिने शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

“हो ताई. आत बसलो की. एकच घर आहे तिथे, बाकी नुसती जोती.”

“तिथे तलाव आहे, मयुरेश.”

“तलाव?” तो खरोखर गोंधळला. “नाही हो. पायवाट खाली उतरत जाते, मग मोहाचं झाड लागतं. ऊन तेवढं नव्हतं, सगळं जरा हिरवट दिसत होतं. आणि आवाज कसलाच नाही. कानात दडे बसतात ना घाटात, तसं.”

“घरात कोण होतं?”

“एकच माणूस. असेल चाळिशीचा. गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. अंगावरचे कपडे ओले होते, मी म्हटलं, भिजलात कशाने? तर मलाच विचारतो, ट्रक परत कधी येनार हाय?”

संध्याने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

“अजून काही?”

“टॉवेलात कागदाची एक पुडी बांधलेली होती. मी सहज विचारलं. म्हणाला, बांगड्या हायत, पोरीच्या. ती यील आता.” मयुरेश हसला. “बिचाऱ्याचं डोकं जरा सरकलं असेल, नाही का ताई?”

त्या दिवशी तिने कात्री फिरवली नाही. सरांना सांगितलं, संगणक अडतोय.

५

संध्या आणि तिची आई भागीबाई, दोघी कॉलेजजवळच्या एका बंगल्याच्या मागच्या खोलीत राहत. भागीबाई मुलींच्या वसतिगृहात भाकऱ्या थापायची. कपाळावरचं कुंकू तिने कधी पुसलं नव्हतं आणि देवरामच्या नावाचा दगडही उभा करू दिला नव्हता. भावकीने दहा वर्षं समजावलं. ‘माणूस मेल्यालं कुनी पाह्यलं?’ एवढंच ती विचारायची आणि समोरच्याचं तोंड बंद व्हायचं.

दुपारी ती भांडी पुसत होती. संध्या तिच्याजवळ जमिनीवर बसली.

“आय, आपण पाडा सोडला त्या दिवशी हाक कोणी दिली होती?”

जांभूळमाळात एक रीत होती. घर कायमचं सोडायचं झालं की चूल विझवायची, बाईने उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि घरातल्या एकेकाला नावाने हाक द्यायची, ‘ऊठ, चल.’ जित्यांना, मेलेल्यांना, शेरडांनासुद्धा. ज्याला हाक गेली नाही तो घरातच राहतो, असं म्हणायचे.

“म्या दिली,” भागीबाई म्हणाली. “म्हातारीला दिली, ती तर मरून गेल्ती आधीच. शेळ्यांना दिली. तुला दिली, तू रडत हुतीस.”

“आणि बाला?”

भागीबाईचा हात थांबला.

“नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, पोरी? आन ते घरात कुठं हुते. नसल्याल्या मानसाला हाक मारली तं त्यो मेला आसं हुतं. म्या घाबरले. ट्रकवाला वरडत हुता.” तिने पदराने तोंड झाकलं. “म्या म्हनलं, ते मागनं येतीलच की.”

इतक्या वर्षांत आईला असं रडताना संध्याने पाहिलं नव्हतं. तिने आईला घट्ट धरलं आणि मग मयुरेशने सांगितलेलं सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, असं एक मन म्हणत होतं. पण एकटीने ते बाळगणं तिच्याच्याने होईना.

भागीबाई डोळे पुसून उठली. “उद्याची पयली यष्टी कितीची हाय?”

६

फाट्यावर उतरून त्या चालत तलावापाशी आल्या तेव्हा ऊन डोक्यावर होतं. पाणी अगदी साधं दिसत होतं. काठाला शेवाळ, दोन बगळे, लांब कोणाची तरी म्हैस. संध्याला एकदम शरम वाटली. एम. ए. झालेली बाई आपण आणि इथे कशाला आलो? पोराने थाप मारली असेल.

“तू दे आधी,” भागीबाई म्हणाली. तिला अजून ते नाव ओठांवर आणवत नव्हतं.

संध्या पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. “बा! देवराम गावित! ऊठ, चल!”

आवाज समोरच्या डोंगराला लागून परत आला. तिचाच, मोठ्या बाईचा, जरा घोगरा. म्हशीने मान वर केली. बाकी काही नाही. तिने पुन्हा हाक दिली, पुन्हा तेच. संध्याला रडू फुटलं.

मग भागीबाई पुढे झाली. पाय पाण्यात गेले तरी ती थांबली नाही, घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. पदर डोक्यावर ओढून घेतला. आणि आयुष्यात पहिल्यांदा, अगदी हळू, शेजारच्या खोलीतल्या माणसाला बोलवावं तसं तिने नवऱ्याचं नाव घेतलं.

“देवराम. उठा. चला.”

“ओ,” पाण्याच्या आतून आवाज आला.

एवढंच. हाक ऐकल्यावर माणूस देतो तसा, जरासा झोपेतला, रोजचा. बगळे उडाले. काठापासून दूर, निळ्याच्या मधोमध, पाण्याखालून काहीतरी गडद उभं राहिलं आणि काठाकडे चालायला लागलं. चालत होतं, पोहत नव्हतं. भागीबाईने संध्याचं मनगट पकडून तिला वळवलं. “मागं बघू नको. हाक दिल्यावर मागं बघायचं नसतं.”

मागे न बघता दोघी फाट्यावर आल्या. एसटीत बसल्यावर कंडक्टर आला, त्याने विचारलंही नाही, तीन तिकिटं फाडून भागीबाईच्या हातात दिली आणि पुढे गेला. भागीबाईने पैसे दिले. तिने खिडकीकडची जागा मोकळी सोडली होती.

७

पडद्यावरचा तलाव स्वच्छ झाला. मोह, विहीर, दगड कात्रीने आधीच गेले होते, आता लाल ठिपकाही गेला. तो संध्याने पुसला नव्हता. मयुरेशला विचारलं तर तो म्हणाला, “कुठलं घर, ताई? तिथे तर पाणी आहे.”

भागीबाई बदलली. ती गाणं गुणगुणत भाकऱ्या थापू लागली. घरी तीन ताटं वाढली जात. संध्या बघायची, तिसऱ्या ताटातलं अन्न तसंच राहायचं, फक्त पाण्याचा तांब्या रिकामा व्हायचा. तिला कोणी दिसत नव्हतं. ती कोपऱ्याकडे बघत बसे, डोळे दुखेपर्यंत. आईचं मन फिरलं म्हणावं, तर आई कधी नव्हे इतकी शहाण्यासारखी वागत होती.

अशात अर्थशास्त्राच्या मुलांनी शेवटची चळत आणली. तालुक्यातून नाशकात पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची घरं. स्वरदा नावाची लाघवी मुलगी ती यादी घेऊन आली.

“मॅडम, तुमच्याही घरी जाऊन आले मी. आईंनी चहा दिला. तीन माणसं लिहिलीत, बरोबर ना? तुमचे बाबा किती तरुण दिसतात हो! पण कपडे ओले होते, मी म्हटलं पंखा बंद करू का, तर नको म्हणाले.”

संध्या तशीच घरी निघाली. भर दुपार होती. दार उघडं होतं. भागीबाई कोपऱ्याकडे तोंड करून बसली होती आणि कोपरा रिकामा होता.

“बा,” संध्या उंबऱ्यातूनच म्हणाली.

“इचारतायत, ही बाई कोन,” भागीबाई हळूच म्हणाली. “म्या रोज सांगते, हीच आपली संध्या हाय. त्यांना पटत नाय. मला तं आवाजावरनं वळखलं त्यांनी. तुझा आवाज पार बदलला गं. ते म्हनतात, पोरगी एवढीशी हाय माझी, ती कुठं ठेवली तुम्ही?”

कोपऱ्यात फरशीवर वर्तमानपत्राची एक ओली पुडी होती. ती मात्र संध्याला दिसली. आत हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, बारीक मापाच्या.

“घाल म्हनतायत,” भागीबाई म्हणाली. “तीच आसशील तं घाल.”

संध्या खाली बसली. तिने अंगठा तळहातात दुमडला, बोटं आवळली आणि बांगडी रेटली. ती सांध्यापाशी अडली. तिने पाणी लावलं, साबण लावला, दात ओठ खाऊन रेटली. “थांबा, बा, जाते आहे, थोडंसंच राहिलंय,” ती रिकाम्या कोपऱ्याला सांगत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बांगडी फुटली. काच हातात घुसली.

भागीबाईने मान वर केली आणि तिची नजर कोपऱ्यातून हळूहळू दारापर्यंत गेली, जणू कोणी उठून चाललं होतं. ती “अवो, अवो” करत उंबऱ्यापर्यंत धावली. तिने नावानेही हाक मारली. या वेळी कोणी ओ दिली नाही.

८

नकाशा छापायचा दिवस आला. भागीबाई आठवडाभर भिंतीकडे तोंड करून झोपून होती. कपाळ कोरं होतं. संध्याने हाताला पट्टी बांधली होती आणि एकेक चळत शेवटची तपासत होती. हिरवी झाडं, विहिरी, दगड, घरं. लाल ठिपका पुन्हा तलावाच्या मधोमध बसलेला होता.

मयुरेश दारात आला. “ताई, एक घर राहिलं होतं ना, ते परवा सापडलं. यादीत घातलंय. तो माणूस घरात नव्हता मात्र. विहिरीपाशी, मोहाखाली, सगळीकडे वाकून वाकून बघत हिंडत होता. मला म्हणाला, एक बारीक पोरगी दिसली का, रडत आसंल.”

तो गेला. यूपीएस पिपाणी वाजवायला लागला. ढुंढिराज सर घाईने आत आले, पडद्यावर वाकले आणि त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“आलं का पुन्हा? क्लिप कर आणि प्लॉटरला दे, वीज जायच्या आत. पाण्यात घर नसतं, संध्या.”

“राहू द्या, सर.”

“राहू द्या काय? कोण राहतं तिथे?”

“माझे वडील,” संध्या म्हणाली. “मला शोधतायत.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं. संध्याने कळ दाबली. प्लॉटर खरखरत इकडून तिकडे जाऊ लागला आणि कागदावर निळं उतरू लागलं. ठिपक्याच्या जागेपाशी तो आला तेव्हा ती कागदावर वाकली आणि तेरा वर्षांच्या पोरीचा आवाज काढायचा प्रयत्न करत, बारीक, चोरटा, तिने हाक मारली, “बा, मी इकडं हाय.”